अंड्यातलं लोखंड

एका भांड्यात पिवळं, दुसऱ्या भांड्यात पांढरं. पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपका जरी उतरला तरी मी ते अख्खं अंडं बाद करायची आणि मावशींना चार शब्द ऐकवायची. मावशी "हो जी" म्हणायच्या आणि पुढचं अंडं फोडायला घ्यायच्या. त्यांच्या हातून चाळिसात एखादं अंडं बिघडायचं, माझ्या हातून चार. पण ऐकवायचं काम माझ्याकडे होतं.

ही ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. सिंदेवाहीच्या पुढे, जिथे धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, तिथे एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. मी तिथे औषधं बनवायला आणि वाटायला होते. वडील नागभीडला रेल्वेत गँगमन. आमच्या बौद्ध वस्तीतून नागपूरला जाऊन फार्मसीचा डिप्लोमा करून आलेली मी पहिलीच. पहिलं असण्याची एक मस्ती असते. ती माझ्या अंगात पुरेपूर होती, आणि राग तर जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर.

मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया. झाडलोट, रोग्यांना उठवणं-बसवणं, आणि आठवड्यातले दोन दिवस माझ्या हाताखाली. अडीच किलोमीटरवरच्या गावच्या, आमच्याच समाजाच्या. नवरा राइस मिलमध्ये पोती उचलायचा. तीन लेकरं झाली, त्यातली दोन बोलायला लागायच्या आधीच गेली. "रक्तच नव्हतं जी अंगात," एवढंच त्या सांगायच्या. उरलेली मुलगी पंधरा वर्षांची, उंच आणि अंगानं काडीसारखी. तिच्यावर त्यांचा सगळा जीव.

आमच्याकडे येणाऱ्या दहा बायांतल्या आठ पांढऱ्याफटक असायच्या. सरकारी लोहाच्या गोळ्या होत्या, पण त्या कोणी खायचं नाही. पोटात आग पडते, मळमळतं, तोंडाला गंजाची चव येते. बाया गोळ्या पदराला बांधून घरी न्यायच्या आणि परसात फेकायच्या. आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. साठीचे, शांत, बोलायला लागले की वाक्य पुरं करायला वेळ घेणारे. त्यांच्याकडे त्यांच्या गुरूंची एक वही होती आणि त्या वहीत अंड्याच्या पांढऱ्याशी लोखंड बांधून, पाण्यात विरघळणारं, पोटाला न जाळणारं औषध करायची कृती होती. "तुला जमेल?" असं त्यांनी विचारलं, आणि मला कोणी असं विचारलं की मी मागे हटायची नाही.

कृती दिसायला सोपी होती. पांढरं कोमट पाण्यात फेटायचं, फडक्यातून गाळायचं, आणि लोखंडाच्या तांबड्या द्रावणात बारीक धारेनं सोडायचं. मग कॉस्टिक सोड्याचं अगदी पातळ पाणी थेंबाथेंबानं घालायचं. एक क्षण असा येतो की सगळं लोखंड आणि सगळं पांढरं हातात हात घालून विटकरी रंगाच्या साक्यासारखं तळाशी बसतं आणि वर पाणी नितळ उरतं. एक थेंब कमी पडला तर बसत नाही, एक जास्त झाला तर बसलेलं परत विरघळतं. त्या क्षणासाठी मी श्वास रोखून उभी राहायची. नंतर तो साका कोमट पाण्यानं धुवायचा, पुन्हा धुवायचा, मीठ निघून जाईपर्यंत धुवत राहायचा. विहिरीचं पाणी चालायचं नाही, त्यातला खार सगळं नासवायचा. म्हणून मागच्या पडवीत चुलीवर पाणी उकळून त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी धरायचो. लाकूड मावशी आणायच्या, चूल त्याच फुंकायच्या. शेवटी धुतलेला साका मोजक्या सोड्यात विरघळवला की काळ्या चहासारखं पाणी तयार व्हायचं, उजेडाकडे धरलं की लालभडक. त्यात दालचिनीचं पाणी, साखरेचा पाक आणि थोडं स्पिरिट. दोन दिवसांचं काम, आणि हाती लागायच्या फार तर तीस बाटल्या.

पण औषध गुणाचं निघालं. बायांनी ते प्यायलं. पोट जळलं नाही, दालचिनीचा वास आवडला. श्रावणात तेवढी गिऱ्हाइकी पडायची, कारण "अंड्याचं हाये का जी?" असं कोणी विचारलं की खरं सांगायचं असा डॉक्टरांचा हुकूम होता. एरवी सोमवारच्या ओपीडीत माझ्या खिडकीपुढे रांग लागायची. बोटाला टोचून रक्त मोजायचं काम माझंच, त्यामुळे कोणाचं साताचं नऊ झालं, कोणाचं नवाचं दहा, हे मला तोंडपाठ. बाया हसायला लागल्या की मला वाटायचं, हे हसू मी बनवलंय. इतकी मी चढले होते.

उरलेलं पिवळं दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जायचं, आणि त्यातलं वाटीभर मावशींनी घरी न्यावं अशी डॉक्टरांची परवानगी होती. मुलीसाठी.

त्या मुलीला मी आषाढात औषध सुरू केलं. रक्त साडेसहा. हातपाय दुखतात म्हणायची, पण रोवणीच्या दिवसांत कोणाचे दुखत नाहीत? चिखलात वाकून वाकून गावातल्या धडधाकट पोरीही कण्हत घरी येतात. डोळे थोडे पिवळे दिसायचे, त्यासाठी गावातल्या वैद्यानं गळ्यात मुळ्यांची माळ घातली होती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "रक्त भरलं की सगळं जागेवर येईल." मी दोन-दोन चमचे लिहून दिलं.

श्रावण गेला, भादवा गेला. साडेसहा. मी चमचे तीन केले. दसरा झाला. साडेसहा, एकदा तर सहाच.

आता हे मला सहन होईना. बाकी सगळ्या चढतात आणि ही एकच तिथल्या तिथे. आधी मला माझ्याच हाताचा संशय आला. एक अख्खी खेप मी ओतून दिली आणि नव्यानं केली. साका सातऐवजी बारा वेळा धुतला. अंडी गावठी कोंबडीचीच हवीत म्हणून हट्ट धरला. मावशींनी आसपासच्या गावांतून फिरून ती गोळा केली, एक एक पाण्यात बुडवून पारखून. नव्या खेपेवर बाकीच्या बाया जास्तच चढल्या. ही हलली नाही. मग औषध चांगलं, मी चांगली, तर खोट कुठे? माझं डोकं सरळ एका जागी गेलं.

दिवाळीनंतरचा सोमवार होता. धान कापणीच्या आधीची मोकळीक, त्यामुळे रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत. मावशींनी मुलीला आणलं होतं. मी बोटाला टोचलं, रंग जुळवला, आणि पुन्हा साडेसहा बघून माझं तोंड सुटलं.

"मावशी, खरं सांगा, औषध पोरीला पाजता की कोंबड्यांना?"

"पाजून राह्यली जी मी. दोनी वेळा पाजतो."

"मग चढत काऊन नाही? या सगळ्या बायांचं चढतं, तुमच्याच पोरीचं काय घोडं अडलंय? बाटली जाते कुठे? पिवळं तेवढं बरोबर घरी पोचतं, आणि औषध मधल्या वाटेत गळतं होय?"

रांगेत दोघी-तिघी फिसकन हसल्या. मावशींचा चेहरा आधी लाल झाला आणि मग असा झाला की त्यांचंही रक्त मोजावं. मुलगी आईचा पदर धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी पितो न बाई." मी तिच्याकडे बघितलंही नाही. पुढची बाटली उचलली आणि पुढचं नाव पुकारलं.

गावात गोष्ट मावशींच्या आधी पोचली. आठवडाभरात ती फुगून आली. मावशी दवाखान्याच्या बाटल्या वडशाच्या बाजारात विकतात, पोरीच्या नावावर नेतात आणि दुसऱ्याच्या घशात घालतात. स्वयंपाकीणबाईंनी मला हे तिखटमीठ लावून सांगितलं आणि मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. माझा तर्क इतक्या जणींना पटला म्हणजे तो बरोबरच असणार.

मावशींनी त्या दिवसापासून पिवळ्याची वाटी नेणं बंद केलं. "राहू द्या जी," एवढंच म्हणाल्या. आणि दोन दिवसांनी सकाळी सातला मी खोली उघडायला आले तर खिडकीबाहेर त्या आणि मुलगी दोघी उभ्या.

"तुमच्या हातानं पाजा," मावशी म्हणाल्या. "रोज आणतो मी इले. तुमच्या डोळ्यासमोर पोरगी पिईन. मंग त बोल लावान नाई?"

मी काय म्हणावं? मी म्हणायला हवं होतं की नको, माझा तुमच्यावर विश्वास आहे. मी म्हटलं, "हे बरं झालं."

तेव्हापासून रोज. कार्तिकातली थंडी, मग मार्गशीर्षातली. आमच्या जंगलात डिसेंबरची पहाट कशी असते हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. गवतावरचं दव गुडघ्यापर्यंत भिजवतं आणि धुकं नाकातोंडात जातं. ती पोर त्यातून अडीच किलोमीटर चालत यायची, अंगावर आईची जुनी शाल, पाय ओले. माझ्यासमोर तीन चमचे प्यायची, चमचा चाटायची आणि तितकंच चालत परत जायची. संध्याकाळचे तीन चमचे मी वेगळ्या बाटलीत मोजून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती बाटली रिकामी आली का ते उजेडाकडे धरून बघायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, गरम पाणी हाये का प्याले?" वाफेचं पाणी औषधासाठी होतं. मी तिला विहिरीचं दाखवलं.

पाच आठवडे असं चाललं. शेवटच्या सोमवारी मी तिचं रक्त मोजलं. सहा.

आता मला कळायला हवं होतं, नाही? माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातानं, माझंच औषध पोटात गेलं होतं. मावशी खऱ्या होत्या हे त्या नळीतल्या रंगानं मला स्पष्ट सांगितलं. मी काय केलं? मी वही उघडून बसले आणि सोड्याचं प्रमाण पुन्हा तपासायला लागले. औषध आणखी चांगलं कसं करता येईल, एवढंच माझ्या डोक्यात. तिला ते हवंच आहे का, हा प्रश्न मला शिवलाही नाही. औषध बनवणाऱ्याची ही अशी एक आंधळी जागा असते, आणि मी त्या जागेत पाय पसरून बसले होते.

त्यानंतर तीन दिवसांनी मुलगी सकाळी आली नाही. दुपारी तिला बैलगाडीतून आणलं. मांड्या, पाठ, छाती, सगळी हाडं एकदम दुखत होती. ती अंगाला हात लावू देईना. ओरडून ओरडून आवाज बसला होता. मावशी तिच्या पायांशी उकिडव्या बसल्या होत्या आणि शेकायला आणलेल्या विटा फडक्यात गुंडाळत होत्या.

त्या महिन्यात नागपूरहून एक तरुण डॉक्टरीणबाई आमच्याकडे अनुभवासाठी आल्या होत्या. त्यांनी मुलीला तपासलं, डोळ्यांचा पिवळेपणा बघितला, आधीची दोन कशी गेली ते मावशींना विचारलं. मग माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे मेटाबायसल्फाइट आहे?"

होतं. वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, मी तिथे लागले त्या दिवसापासून होतं. मी त्यातलं चिमूटभर मोजून शुद्ध पाण्यात विरघळवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाईंनी काचेवर रक्ताचा थेंब घेतला, त्यात ते प्राणवायू काढून घेणारं पाणी मिसळलं, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलिननं बंद केल्या, आणि थोड्या वेळानं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. गोल असायला हव्या त्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. एक नाही, दोन नाही, सगळीकडे विळे.

"सिकलसेल," बाई म्हणाल्या. "हिच्या अंगात लोखंड कमी नाहीच. पेशी मोडतात आणि त्यातलं लोखंड आतच सांडतं. वरून आणखी घालून उपयोग नव्हता, उलट साठून त्रासच झाला असता. हिला खरं तर जपायचं असतं. थंडी लागू द्यायची नाही, पाणी भरपूर पाजायचं, दमवायचं नाही."

थंडी, पाणी, दमणं. मी तिथेच स्टुलावर बसले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही.

डॉक्टर मोठ्या मनाचे. ते वॉर्डात गेले, मावशींच्या शेजारी खाटेच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. मला आधी सुचायला हवं होतं." मग त्यांनी त्यांच्या संथ पद्धतीनं समजावलं. हा आजार रक्तातूनच येतो, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. आईबापाला स्वतःला काही होत नाही. आपल्या भागात खूप घरांत आहे, कोणाचा दोष नाही. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मावशी मान हलवत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या उठल्या. माझ्याकडे वळल्या.

"औषध देल्लं नाई म्हणून तुमी मले बोल्ल्या. आता म्हणता बिमारी मीच देल्ली. पहिलेची दोन गेली, त्याइले बी मीच देल्ली?"

डॉक्टर पुन्हा म्हणाले, कोणाचा दोष नाही. पण त्या मला विचारत होत्या.

मुलगी हळूहळू सावरली. सुया, सलाइन, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि फॉलिक ॲसिडची एक क्षुल्लक पिवळी गोळी, जी आमच्या कपाटात डबाभर पडून होती. आठ-नऊ दिवसांनी ती उठून बसली आणि तिनं भात मागितला. मावशी पुन्हा कामावर आल्या. अंडी आली होती, बाकीच्या बायांना औषध लागतच होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून अंडी फोडायला लागलो. एक भांडं पिवळं, एक भांडं पांढरं. माझ्या हातून दोन अंडी लागोपाठ बिघडली.

"मावशी," मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही पाजत होता. मी उगाच बोलले."

हे म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. मी आयुष्यात तोवर कोणाची माफी मागितली नव्हती. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या जी.

मावशींनी हातातलं अंडं फोडलं, पांढरं भांड्यात सोडलं, टरफल बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मले नोका सांगू. मले त ठाऊकच होतं. सोमवारी लाइनीतल्या बायाइले सांगा. त्याच्यासमोर बोल्ल्या होत्या न? गावात अजून मले चोट्टी म्हणून राह्यले."

"सांगते," मी म्हटलं. आणि त्या वेळी मी ते मनापासून म्हटलं होतं.

सोमवार आला. रांग पायऱ्यांपर्यंत होती, त्याच बाया, त्याच गावच्या, काही जणी त्या दिवशी फिसकन हसलेल्या. मी बाटल्या मांडल्या, टोचायची सुई पुसली. वाक्य मी सकाळपासून घोकत होते, इतकं छोटं की एका दमात झालं असतं. पण तेच वाक्य म्हटलं की लगेच कोणीतरी विचारणार, मग पोरीचं रक्त चढलं काऊन नाही? मग सांगावं लागणार की औषध चुकीचं दिलं. मग त्या माझं औषध पितील का? असं मी स्वतःला सांगितलं. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं एवढंच की आपली मान सगळ्यांसमोर खाली घालायची मला हिंमत नव्हती.

मावशी झाडू घेऊन व्हरांड्याच्या दारात उभ्या होत्या. झाडत नव्हत्या. पहिली बाई खिडकीशी आली, दुसरी आली, पाचवी आली. मावशी तशाच उभ्या. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वहीत घातली.

"पुढची," मी म्हटलं.